सेवा-चिंतन : शाळा मुलांकडे गेली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



"मी एकटी काय करणार?" आपल्या सेवेच्या बैठकीत हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. खरं सांगायचं तर मीही म्हणते. म्हणून आजच्या चिंतनासाठी असं एक काम घेतलं आहे, जे आपल्या प्रत्येकाच्या गावात पोहोचलं आहे, पण ज्यांनी ते उभं केलं त्यांची नावं मात्र आपल्याला चटकन आठवत नाहीत.

बेळगाव असो, इंदूर असो, गोवा असो की आमचं वडोदरा, "अंगणवाडी" हा शब्द सगळीकडे चालतो. हे नाव कुठून आलं, याचा आपण कधी विचार केला आहे का?

आम्ही वडोदऱ्याहून मुंबईला गाडीने जातो तेव्हा वाटेत घोलवड स्टेशन लागतं. तिथून जवळच बोर्डी गाव आहे. 1945 साली तिथे ताराबाई मोडक यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. बोर्डीला त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म 1910 सालचा, अष्टविनायकांपैकी मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपायचं. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात हुजूरपागेत नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. पस्तिसाव्या वर्षी पुण्यातली स्थिर नोकरी मागे ठेवून त्या खेड्यात आल्या आणि ताराबाईंना त्यांनी गुरू मानलं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. आपण असतो तर काय म्हटलं असतं? "यांना शिक्षणाची गोडीच नाही." या दोघींनी तसं म्हटलं नाही. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे जाईल, असं त्यांनी ठरवलं. वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात मुलं जमवायची, त्यांना स्वच्छ करायचं, गाणी-गोष्टी सांगायच्या. महागडी साधनं नव्हती, म्हणून पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. अंगणात भरते ती अंगणवाडी!

पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी पाड्यांत गेलं. तिथे वेगळीच अडचण होती. मुलं गुरं चारायला जात. मग जिथे गुरं चरतात तिथेच, कुरणात शाळा भरू लागली. मोठ्या मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर आणि बालवाडी सुरू केली. बहिणीने शिकावं आणि भावंडंही नजरेसमोर राहावीत. या एकत्र रचनेला त्यांनी "विकासवाडी" म्हटलं.

ताराबाई 1973 साली गेल्या. अनुताई थांबल्या नाहीत. 1992 मध्ये देह ठेवेपर्यंत त्या याच कामात होत्या. दरम्यान 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची बालविकास योजना देशात सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

हे वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी बालसंस्कार वर्ग सुरू केला. शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांनाही बोलावलं. ती दोन रविवार आली, मग बंद. मी घरी कुरकुर केली, "फुकट शिकवतेय तरी येत नाहीत." तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू बोलावतेस त्याच वेळी पाण्याचा टँकर येतो. ती पोरगी भावाला कडेवर घेऊन रांगेत उभी असते. तू एकदा तरी तिकडे जाऊन बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. वर्गाची वेळ माझ्या सोयीची होती, जागाही माझ्या सोयीची. आणि दोष मात्र मुलांचा!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरंजी घेऊन तिकडेच गेले. पहिल्या दिवशी तीन मुलं आली. महिन्याभराने नऊ झाली. भावाला कडेवर घेणारी ती मुलगी दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव लिहायला शिकली. मग इमारत पुरी झाली आणि सगळी कुटुंबं दुसरीकडे गेली. कुठे, ते मला माहीत नाही. जाताना ती पाटी घेऊन गेली, एवढंच समाधान.

कधी मनात येतं, याने काय फरक पडला? मग अनुताई आठवतात. एका अंगणात खडे मांडून बसताना त्यांना तरी कुठे माहीत होतं की पुढे देशभर हा शब्द जाईल? समोरचं मूल त्यांना दिसत होतं, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मला यातून एक गोष्ट उमगली. निष्ठा म्हणजे आपलंच म्हणणं रेटत राहणं नव्हे. समोरचा येत नसेल तर आपण उठून त्याच्यापर्यंत जाणं, आपली वेळ, आपली जागा, आपली पद्धत बदलणं, आणि तरीही काम न सोडणं. एक माणूस फरक घडवतो तो असा. आणि तो एकटाही नसतो. ताराबाईंना अनुताई भेटल्या, अनुताईंना ताराबाई. मला तर माझ्या सासूबाईच भेटल्या!

या आठवड्याचा अभ्यास (घरच्यांनी रविवारी एकत्र बसून करावा)

1. "ते येतच नाहीत", "ते ऐकतच नाहीत" असं आपण कोणाबद्दल म्हणतो? त्यांची अडचण आपण जाऊन पाहिली आहे का?
2. आपल्या सेवेची वेळ आणि जागा कोणाच्या सोयीची आहे?
3. जवळच्या अंगणवाडीत एकदा जाऊन या. तिथल्या ताईंना काय हवं आहे ते आधी विचारा, मगच काय द्यायचं ते ठरवा.

काय अनुभव आला ते गटात जरूर लिहा. चार ओळी लिहिल्या तरी पुरे. मुलांनी लिहिलं तर जास्तच आनंद.

सद्गुरूंनी आपल्याला उठून चालण्याची बुद्धी द्यावी, हीच प्रार्थना.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥

आपली एक सेवेकरी भगिनी, वडोदरा