सुटकेची तयारी पहिल्या घासापासून

अकोला

चि. शर्वरी हिस,

पशुवैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीकडे उन्हाळ्यात कोणी ना कोणी ओंजळीतून पाखराचे पिल्लू घेऊन येणार, हे अकोला-अमरावतीकडे ठरलेलेच असते. कारण पारा 45 अंशांच्या वर चढला की पत्र्याखालच्या आणि वळचणीच्या घरट्यांतली पिल्ले उष्म्याने कासावीस होऊन खाली पडतात. अशा वेळी चि. शर्वरीने एक तत्त्व धरून चालावे. पिल्लू जगवणे हे अर्धेच काम असून, ते पुढे रानात स्वतःच्या बळावर जगेल का, या कसोटीवर पहिल्या घासापासूनचा प्रत्येक निर्णय तपासावा.

पहिला निर्णय पिल्लू उचलावे की नाही, हाच असतो. बुलबुलासारख्या पक्ष्याची पिल्ले सुमारे दोन आठवड्यांत, नीट उडता येण्याआधीच, घरटे सोडतात आणि आईबाप त्यांना काही दिवस झुडपांत व जमिनीवर भरवत राहतात. टिटवी, तित्तिर व मोर यांची पिल्ले तर अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच चालू लागतात. असे पिल्लू एकटे दिसले म्हणून ते अनाथ ठरत नाही, तेव्हा मांजर-कुत्र्यापासून आडोसा करून दुरून पाहत थांबावे. पिसे न फुटलेले, डोळे मिटलेले पिल्लू सापडल्यास ते शक्यतो त्याच घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आईबाप टाकून देतात, ही समजूत निराधार आहे.

जखमी किंवा खरोखरच पोरके पिल्लू उचलावे लागले, तर आधी त्याची जात ओळखावी. वाड्यांतून व झाडांच्या ढोलींतून सर्वत्र राहणारा पिंगळा आणि शतकाहून अधिक काळ नामशेष मानला गेलेला, 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळलेला व मेळघाटातही वस्ती असलेला रानपिंगळा, हे दोन्ही लहान घुबडांचेच प्रकार आहेत; त्यामुळे धारणी-चिखलदऱ्याकडून आलेल्या पिल्लाबाबत घाईने निष्कर्ष काढू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्य पक्षी घरी बाळगता येत नाही आणि शासनाच्या मालकीचा वन्यजीव ताब्यात आल्यास 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. म्हणून वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर प्रथम कळवावे; पुढचे संगोपन त्यांच्या संमतीने व अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे.

अन्नाच्या बाबतीत दयाळू माणसांकडूनच सर्वाधिक अपाय होतो. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, म्हणून आधी ऊब आणि मग घास, हा क्रम मोडू नये. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असल्याने चोचीत ओतलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते, आणि दूध पक्ष्यांना पचतच नाही. दाणे टिपणाऱ्या चिमणीची पिल्लेही प्रारंभी मुख्यतः किड्यांवर वाढतात. मात्र पऱ्हाटी व तुरीच्या फवारलेल्या शेतातले नाकतोडे आणि अळ्या त्यांना कधीही देऊ नयेत. घुबडाच्या पिल्लाला नुसते मांस पुरत नाही. अख्ख्या भक्ष्यातील हाडांतून त्याला कॅल्शियम मिळते, आणि ते न मिळाल्यास वाढती हाडे वाकतात.

याहून सूक्ष्म अपाय मनाचा असतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1935 मध्ये अनुमुद्रणाचे सविस्तर विवेचन केले. अनुमुद्रण म्हणजे कोवळ्या वयात समोर वावरणाऱ्या जिवाचा पिल्लाच्या मनावर उमटणारा असा ठसा की ते त्यालाच आपल्या जातीचे मानू लागते. तसे झालेला पक्षी पुढे जोडीदार निवडताना चुकतो आणि माणसाला भीत नाही. म्हणूनच अमेरिकेत हूपिंग क्रेन या दुर्मीळ क्रौंचांची पिल्ले वाढवणारे सेवक पांढरा झगा पांघरून, हातात क्रौंचाच्या डोक्याचे बाहुले धरून चारा देत. घरगुती पातळीवर एवढे जमले नाही, तरी नाव न ठेवणे, न कुरवाळणे, छायाचित्रांसाठी हाती न देणे आणि शक्य तेव्हा त्याच जातीच्या पिल्लांसोबत वाढवणे, एवढे पथ्य पाळता येते.

सुटकेचा अर्थ पिंजऱ्याचे दार एकदा उघडणे असा घेऊ नये. पिंजोरच्या संवर्धन केंद्रातून एप्रिल 2025 मध्ये मेळघाटात आणलेली लांब चोचीची गिधाडे थेट न सोडता, तिथल्या हवामानाची सवय व्हावी म्हणून आधी मोठ्या पक्षिगृहात ठेवण्यात आली. लहान पक्ष्यालाही पंखांत बळ येण्यास मोठी जागा, स्वतः भक्ष्य पकडण्याचा सराव आणि सुटल्यानंतर काही दिवस ठरावीक जागी अन्न लागते. जिथे तो सापडला त्याच परिसरात, निरभ्र दिवशी, दिनचर पक्ष्याला सकाळी व घुबडाला संध्याकाळी सोडावे. सातभाईसारखा थव्याने राहणारा पक्षी एकटा सोडू नये. कायमचे अपंगत्व आलेल्या पक्ष्याला मात्र हट्टाने सोडणे ही मुक्तता ठरत नाही. त्याचा निर्णय वनखाते व पशुवैद्य यांनी मिळून करावा.

सुटलेला पक्षी काही दिवस अन्नाच्या जागी फिरकला, तर ते स्वाभाविक आहे. परंतु तो हाकेसरशी येऊन खांद्यावर बसू लागला, तर शेजारी कितीही कौतुक करोत, संगोपनात उणीव राहिली असे चि. शर्वरीने समजावे आणि पुढच्या पिल्लाच्या वेळी माणसाचा सहवास आणखी कमी ठेवावा.



शुभचिंतक,
मामा