पियानो, पेटी आणि भाविकांचा आवाज



आपल्या धर्मग्रामात सध्या एक चर्चा रंगली आहे. उपासनेत जुनी पेटीच ठेवावी की नवा, मोठा कीबोर्ड घ्यावा? ढोलकी चालेल का? मुंबईच्या काही चर्चमध्ये पियानो पाहून आलेल्या एकाने तर 'आपल्याकडे पियानो का नको?' असेही विचारले. प्रश्न केवळ खरेदीचा असता तर धर्मग्राम परिषदेने तो एका बैठकीत निकाली काढला असता. पण वाद्य माणसावर परिणाम करते, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसावर तर अधिकच करते. म्हणून या रविवारी या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

पियानोपासून सुरुवात करू. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात १७००च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य घडवले. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आपटते. बोट हळू दाबले तर स्वर मृदू, जोरात दाबले तर मोठा. आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यांत ही सोय फारशी नव्हती, म्हणून 'हळू' आणि 'जोरात' या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांवरूनच त्याचे नाव पडले. जुन्नर-आंबेगावच्या आपल्या माणसांना पियानो ठाऊक आहे तो मुख्यतः हिंदी चित्रपटांतून. श्रीमंताची हवेली, पार्टी चाललेली, आणि दुखावलेला नायक पियानोपाशी बसून गातो आहे. त्यामुळे पियानो म्हणजे काहीतरी उच्च, सुसंस्कृत अशी आपली समजूत झाली आहे.

आता एक गंमत पाहा. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. त्यात त्यांनी चर्चमध्ये पियानो वाजवण्यास मनाई केली! ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांच्याच पंक्तीत पियानोला बसवले. त्या काळी इटलीतील चर्चमधून नाटकशाळेतील ऑपेराच्या चाली सर्रास वाजत असत, आणि पियानो हे दिवाणखान्याचे, करमणुकीचे वाद्य मानले जाई. ते ऐकताच मन वेदीकडून रंगमंचाकडे जाईल, ही त्यांची काळजी होती.

आपल्याकडे ढोलकीविषयी ज्येष्ठ मंडळी नेमके हेच म्हणतात. नारायणगाव आपल्या उंबऱ्याशी आहे. तमाशाचे फड, विठाबाई नारायणगावकरांचे नाव, सुगीनंतरच्या जत्रा, हे सारे इथल्या माणसाच्या कानात बसलेले आहे. ढोलकीवर थाप पडली की काहींना बोर्डावरची लावणी आठवते, यात त्यांचा दोष नाही. परंतु ढोलकीचाही दोष नाही. रोममध्ये जे पियानोचे झाले तेच इथे ढोलकीचे होत आहे, एवढे तरुणांनी आणि ज्येष्ठांनी दोघांनीही ध्यानात घ्यावे. वाद्याला संगत चिकटते. आणि संगत बदलली की काही पिढ्यांनी ती सुटतेही.

पेटीचीच कथा घ्या. आज भजनी मंडळाची पेटी म्हणजे अस्सल देशी, असे आपण मानतो. ओतूरपासून घोडेगावपर्यंत हरिनाम सप्ताहात ती असतेच. प्रत्यक्षात हार्मोनियमचा जन्म १८४०च्या सुमारास पॅरिसचा, अलेक्झांडर दबें यांच्या हातचा. ती पायाने भाता मारून वाजवायची. खुर्ची-टेबलाची ती पेटी जमिनीवर बसणाऱ्याच्या काय कामाची? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी बनवली, आणि मग ती घराघरांत पोहोचली. तरीही जाणकारांनी तिला सहज स्वीकारले नाही. तिचे स्वर पक्के बसवलेले असतात; एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. या कारणाने आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तोवर कीर्तनकार आणि आपली ख्रिस्ती भजनी मंडळे पेटी वाजवतच राहिली होती.

संगीत माणसाचे नेमके करते तरी काय? प्लेटोने आदर्श राज्यात कोणत्या सुरावटी असाव्यात व कोणत्या नसाव्यात याची चर्चा केली, कारण त्या सुरावटी बुद्धीला विचारल्याशिवाय मनात शिरतात हे त्याने ओळखले होते. पवित्र शास्त्रात (१ शमुवेल १६:२३) दावीद वीणा वाजवी तेव्हा शौल राजाच्या जिवाला आराम पडे. मात्र त्याच शौलाने पुढे वीणा वाजत असतानाच दाविदावर भाला फेकला, हेही त्याच पुस्तकात आहे (१८:१०-११). संगीताने मन निवते. मनातला हेवा जात नाही. संत अगस्तीनला हे चांगले ठाऊक होते. मिलानच्या चर्चमधील स्तोत्रे ऐकून आपण रडलो असे तो आपल्या आत्मकथनात लिहितो, आणि पुढे एका ठिकाणी मान्य करतो की, गायिलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा आपल्या हातून चूक होते. तरीही चर्चमधले गायन बंद व्हावे असे त्याला वाटले नाही.

आता ख्रिस्तसभेची शिकवण. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरील दस्तऐवज जाहीर केला. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहेच. पण इतर वाद्येही, पवित्र कार्याला शोभणारी व भाविकांची उन्नती साधणारी असतील तर, अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मोकळीक दिली आहे. ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या त्या परंपरेला योग्य मान द्यावा, असेही तिथे म्हटले आहे. १९६७ सालच्या सूचनापत्राने आणखी नेमके सांगितले: वाद्याने आवाजाला आधार द्यावा, लोकांचा सहभाग सोपा करावा, वाद्य इतके मोठे नसावे की शब्दच कळू नयेत, आणि धर्मगुरू आपल्या भागाची प्रार्थना मोठ्याने म्हणत असेल तेव्हा वाद्य थांबावे. (तरुण वादकांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे!) त्याआधी १९५८ सालीच आपोआप वाजणारी यंत्रे आणि ध्वनिमुद्रणे उपासनेत नकोत, असे रोमने कळवले होते. कीबोर्डवर एक बटण दाबले की ताल आपोआप चालू होतो, त्याविषयी आपण या प्रकाशात विचार करावा.

कारण त्या तालाचा परिणाम आम्ही वेदीवरून पाहत आहोत. पूर्वी प्रवेशगीताला मागच्या बाकांवरून आवाज येई, बेसूर पण भरघोस. आता गायनवृंद गातो आणि बाकीचे ऐकतात. यंत्राचा ताल कोणासाठी थांबत नाही. वयस्कर बाई श्वास घेईपर्यंत कडवे पुढे गेलेले असते. शिवाय गाण्याची पट्टी मुलींच्या सोयीने काळी चार किंवा पाच लावलेली. साठीच्या पुरुषांनी तिथे चढायचे कसे?

आणि गप्प बसलेल्या या बायका कोण आहेत? जात्यावर बसून पहाटे ओव्या गायिलेल्या पिढीतल्या, किंवा त्यांच्या मुली. पुणे जिल्ह्यातील आणि इतर भागांतील खेड्यांतून गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या बायकांपुढे ना पेटी होती ना कागद. जात्याची घरघर हीच साथ. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' याच ओवीत रचले, कारण लोकांच्या तोंडी काय बसते हे त्यांना कळले होते.

पियानो घ्यावा असे आमचे मत नाही. सव्वादोनशेच्या आसपास तारा, आपला पावसाळा, आणि ते सुरात लावणारा माणूस पुण्याहून बोलवायचा. हा खर्च आपल्या धर्मग्रामाला झेपणारा नाही. कीबोर्ड घेण्यास हरकत नाही, पण आपोआप ताल बंद ठेवून. ढोलकीबाबत धर्मग्राम परिषदेने ज्येष्ठांना बोलावून त्यांचे ऐकावे व मगच ठरवावे. प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गाण्याला आधार म्हणून वाजवावीत असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. तो आपण पाळू.

येत्या रविवारपासून प्रभुभोजनानंतरचे गीत वाद्याविना, सर्वांनी मिळून, पांढरी एकमध्ये गायचे आहे. सराव शनिवारी सायंकाळी सहा वाजता. गायनवृंदाने त्या दिवशी माईकपाशी उभे न राहता बाकांवर विखरून बसावे. जुन्या पेटीच्या तीन पट्ट्या अडकतात आणि भाता फाटला आहे. दुरुस्ती जाणणारे कोणी असल्यास त्यांनी मिस्सानंतर भेटावे.