वर्तनसमस्या, पालक-प्रशिक्षण आणि सार्वजनिक खर्च

लहान मुलाने हट्ट करणे, रागावणे किंवा सांगितलेले न ऐकणे हा वाढीच्या वयाचा स्वाभाविक भाग आहे. परंतु मारहाण, तोडफोड, सततची अवज्ञा, खोटे बोलणे अशा प्रवृत्ती दीर्घकाळ टिकून राहिल्या व त्यामुळे घर, शाळा व मैत्री विस्कळीत होऊ लागली, तर ती वर्तनसमस्या ठरते. तिच्या निराकरणासाठी अनेक देशांत मुलाआधी त्याच्या पालकांना प्रशिक्षण दिले जाते. मानवी भांडवल व सामाजिक क्षेत्रावरील खर्च या दृष्टीने हा विषय अभ्यासण्याजोगा आहे.

संकल्पना

या प्रशिक्षणाचा पाया अमेरिकेतील ऑरेगन येथे जेराल्ड पॅटर्सन यांनी केलेल्या संशोधनात आहे. आई दूरदर्शन संच बंद करण्यास सांगते, मूल आरडाओरडा करते, थकलेली आई माघार घेते. आरडाओरडा केल्याने काम होते, हे मूल शिकते. माघार घेतली की शांतता मिळते, हे आई शिकते. पुढच्या वेळी तीच जोराने ओरडते आणि मूल ऐकते, तेव्हा ओरडण्याचीही सवय पक्की होते. या चक्रात दोष कोणा एकाचा नसतो. म्हणूनच चक्र मोडण्याचे कौशल्य पालकांना शिकवता येते.

वर्गाचे स्वरूप

ब्रिटनमधील 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये ३ ते ११ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी गट-प्रशिक्षणाची शिफारस केली. त्यानुसार एका गटात साधारणतः १० ते १२ पालक असावेत. प्रत्येकी ९० ते १२० मिनिटांच्या १० ते १६ बैठका व्हाव्यात आणि शक्यतो आईवडील दोघांनीही सहभागी व्हावे. मुलासोबत रोज थोडा वेळ खेळणे, चांगल्या वागण्याची तत्काळ व नेमकी प्रशंसा करणे, सूचना मोजक्या व स्पष्ट देणे, किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करणे आणि मारहाणीऐवजी सौम्य पण हमखास परिणाम घडवणे ही कौशल्ये शिकवली जातात. व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक व सरावावर भर असतो.

आर्थिक बाजू

लंडनमधील १४२ मुलांच्या पाठपुराव्यावर आधारित एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १० व्या वर्षी वर्तनविकार असलेल्या व्यक्तीवर वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत सरासरी ७०,०१९ पौंड सार्वजनिक खर्च झाला होता. समस्या नसलेल्या व्यक्तीवर तो केवळ ७,४२३ पौंड होता. यात सर्वांत मोठा वाटा गुन्हेगारीशी संबंधित खर्चाचा होता. अर्थात, हा सर्व फरक म्हणजे वर्गांमुळे होणारी बचत असे मानता येणार नाही. गरिबी व कौटुंबिक ताण यांचाही त्यात प्रभाव असतो. तथापि, वेल्समध्ये १५३ पालकांसह झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत वर्गास आलेल्या कुटुंबांतील मुलांच्या वर्तनात लक्षणीय सुधारणा आढळली.

मग असे वर्ग सर्वत्र का दिसत नाहीत? खर्च एका विभागाच्या अंदाजपत्रकात आज दिसतो. लाभ मात्र शिक्षण, पोलीस, न्याय व समाजकल्याण या विभागांना अनेक वर्षांनी मिळतो. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याच्याच खिशात तो परत येत नसल्याने प्रतिबंधक खर्च अपुरा राहतो. सकारात्मक बाह्यतेचे हे ठळक उदाहरण होय.

केवळ वर्ग विनामूल्य केल्यानेही प्रश्न सुटत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ ते २०१४ या काळात तीन भागांत लहान मुलांच्या सर्वसाधारण पालकांना १०० पौंडांची व्हाउचर देण्यात आली. प्रतिसाद अल्पच राहिला. पालकांचा मोकळा वेळ, प्रवास, धाकट्या भावंडांची सोय आणि 'वाईट पालक' ठरण्याची भीती हे खरे अडथळे असतात.

भारतीय संदर्भ

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. यात सर्व प्रकारचे विकार समाविष्ट आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. मात्र तपासणीत समस्या आढळल्यानंतर पालकाला आठवड्यामागून आठवडे साथ देणारी प्रशिक्षित व्यक्ती जवळपास असणे तितकेच आवश्यक आहे. मोलमजुरी करणाऱ्या आईला बैठकीसाठी दिवसाचा रोजगार बुडवावा लागत असेल, तर विनामूल्य वर्गही तिला महागच पडतो. म्हणून अंगणवाडी व शाळा यांच्या आधाराने, सोयीच्या वेळी व स्थानिक भाषेत वर्ग घेणे इष्ट ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकत्व-साहाय्य कार्यक्रमांची शिफारस केली आहे. आरोग्य, महिला व बालविकास आणि शिक्षण या विभागांनी खर्च व उद्दिष्टे दोन्ही वाटून घेतली, तरच ही शिफारस मजुराच्या घरापर्यंत पोहोचू शकेल.