जादा गुण: कुणाला आणि कशाबद्दल?

ऊर्जानगर, चंद्रपूर

चि. मृणाल हिस,


तुझे पत्र पोचले. सहामाहीचे पेपर तपासून झाले, दहावीचा निम्मा वर्ग विज्ञानात काठावर आहे आणि तुझ्या आरमोरीच्या शाळेतले पालक आता विचारू लागलेत, ‘मॅडम, पोराने तक्ता किंवा प्रकल्प करून आणला तर पाच-दहा गुण वाढवाल का?’ मामाचे उत्तर सरळ आहे. चुकलेले पुन्हा शिकून दाखवणाऱ्याला गुण जरूर दे, वस्तू आणून देणाऱ्याला देऊ नकोस. यामागची कारणे मात्र नीट समजून घे, कारण पालकांपुढे ती तुलाच मांडायची आहेत.

वाढीव गुण महाराष्ट्राला नवे नाहीत. राज्य मंडळ दहावीला खेळाडूंना, शास्त्रीय नृत्य-गायन शिकणाऱ्यांना आणि लोककलेत काम करणाऱ्यांना सवलतीचे गुण देते. शासकीय रेखाकला परीक्षेतली इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास श्रेणीप्रमाणे 7, 5 किंवा 3 गुण मिळतात. पूर्वी ते 15, 10 आणि 5 होते. या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे सगळे पेपर मुलाला स्वतः बसून द्यावे लागतात. नियम छापलेला असतो, तो सर्वांना आधीपासून ठाऊक असतो आणि गुण कुणा एका शिक्षकाच्या मर्जीवर राहत नाहीत.

तरीही एक त्रुटी उरतेच. ज्या शाळेत कलाशिक्षकच नाही, तिथल्या मुलाने हे सात गुण कुठून आणावेत? 2025 च्या दहावीत 211 जणांना शंभर टक्के मिळाले. असे निकाल लागतात त्यात या वाढीव गुणांचाही हात असतो. ती मुले हुशार आणि कष्टाळू आहेत यात शंका नाही. पण अहेरी-भामरागडकडच्या एखाद्या शाळेतले तितकेच कष्टाळू मूल त्या गुणांच्या दारापर्यंतही पोचत नाही.

दुसरे उदाहरण शाळेच्या हातात असलेल्या गुणांचे. 2019 साली मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकले. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला निकाल त्या वर्षी 77.10 वर आला. ओरड झाली. इतर मंडळांच्या मुलांना शाळेचे गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमचीच मुले मागे का, असा पालकांचा सवाल होता आणि तो रास्त होता. अंतर्गत गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. हा सगळा चढउतार एकट्या 20 गुणांनी केला असे म्हणता येणार नाही. 2019 ला अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता. पण अंतर्गत मूल्यमापनातल्या तोंडी परीक्षेचे गुण सढळ हाताने भरले जातात हे प्रत्येक शिक्षकखोलीला माहीत आहे. गुणपत्रिकेत ते दिसतात, मुलाच्या वाचण्या-बोलण्यात दिसत नाहीत. मूल अकरावीला जाते तेव्हा ही तूट त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते.

बक्षिसाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, यावरचा एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत हवा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायची आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी चित्रांसाठी वापरलेले रंगीत पेन वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा बक्षीस ठरवून चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. हा प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. म्हणून तुझ्या वर्गात कुणी आपणहून जंगलातली पाने गोळा करून वही केली असेल, तर तिला गुण लावू नकोस. ती वही वर्गात सगळ्यांना दाखव, त्या मुलाला चार प्रश्न विचार. गुणांशिवायही लोक राबतात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी अनेक दशके भरत आली आहे. मे महिन्याच्या उन्हात तरुण मुले तिथे कुदळ-फावडे घेऊन काम करायला येतात आणि त्या कामाची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत होत नाही.

आता वेळेचे बघ. जादा काम म्हणजे शाळा सुटल्यावरचे काम, असे आपण धरून चालतो. आमच्या ऊर्जानगरात वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मुलाला ते जमते. घरी टेबल आहे, इंटरनेट आहे, विचारायला शिकलेले आईवडील आहेत. त्याच वर्गातल्या ताडोब्याच्या बाजूच्या खेड्यातून येणाऱ्या मुलीला अंधारापूर्वी घर गाठावे लागते. फेब्रुवारी 2022 मध्ये अवघ्या काही दिवसांत वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराला वाघाने आणि शेजारच्या दुर्गापुरात एका सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने मारले. त्यानंतर कुठली आई मुलीला ‘प्रकल्प करून सावकाश ये’ म्हणेल? तुझ्याकडे सहामाही संपते आणि धानाची कापणी सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीत निम्मी मुले बांधीत असतात. तुझ्यापुढे सुबक तक्ता येईल तो बहुधा ज्याला गुणांची गरजच नव्हती त्याचा. नाहीतर त्याच्या मोठ्या बहिणीने रात्री जागून केलेला.

मग करायचे काय? मुख्याध्यापकांशी बोलून एक नियम ठरव आणि तो फळ्यावर लिही. पेपर परत दिल्यावर ज्याला हवे त्याने चुकलेला प्रश्न घ्यावा, नेमके कुठे चुकले ते आपल्या शब्दांत लिहावे आणि त्याच धर्तीचा नवा प्रश्न तुझ्यासमोर सोडवावा. जमला तर गेलेल्या गुणांतले निम्मे परत. हे सगळे शाळेच्या वेळेत, विज्ञानाच्याच तासाला.

एक गणित घे. 60 वॅटचा दिवा रोज 5 तास, असे 30 दिवस लावला तर किती युनिट वीज लागेल? वीज केंद्राच्या सावलीत वाढलेली मुलेसुद्धा बिनधास्त 9000 लिहितात. गुणाकार अचूक असतो, 1000 ने भागायचे राहून गेलेले असते. अशा मुलाकडून ‘वॅट-तासाचे किलोवॅट-तास केले नाहीत’ हे वाक्य त्याच्याच हाताने लिहून घे. मग विचार, घरातल्या एका दिव्याचे महिन्याचे 9000 युनिट आले तर बिल भरता येईल का? तो स्वतःच 9 वर येतो. लगेच 75 वॅटचा पंखा रोज 8 तास, 30 दिवस, हे नवे गणित दे. 18 युनिट आले की त्याचे गुण वाढव. ते त्याने तुझ्या डोळ्यांसमोर कमावलेले असतात.

पहिल्या खेपेलाच बरोबर लिहिणाऱ्यावर हा अन्याय नाही का, असे कुणीतरी विचारेलच. त्याचे गुण पूर्ण आहेत, दुसऱ्याला निम्मेच मिळताहेत, आणि हुशार मुलालाही आपली एखादी चूक दुरुस्त करता येते. बोर्डात कुठे अशी संधी मिळते, असेही म्हणतील. मिळते. 2015 पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरची वाट न पाहता निकालानंतर लगेच जुलैत घेतली जाऊ लागली, ती नापास झालेल्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच.

एक पथ्य मात्र कडक पाळ. वर्गासाठी खडूचा डबा आणला, कार्यक्रमाला वर्गणी दिली, स्नेहसंमेलनात खुर्च्या लावल्या, यांपैकी कशालाही विज्ञानाचे गुण देऊ नकोस. कामाचे कौतुक मनापासून कर, पण ते गुणांच्या रकान्यात उतरू देऊ नकोस.

पहिली फेरी झाली की हजेरीपट घेऊन बस आणि दुरुस्तीला जे आलेच नाहीत त्यांच्या नावांवर खूण कर. कुणाला लाज वाटली असेल, कुणी कापणीला गेला असेल, कुणाला कुठे चुकले हेच उमगले नसेल. प्रत्येकाला वेगवेगळे गाठून कारण विचार आणि ते पुढच्या पत्रात कळव. त्यावरून दुसरी फेरी कशी घ्यायची ते आपण ठरवू.

तुझा,
मामा