विटांचा अंदाज : भिंतीआधीचे गणित

शाळेचे कुंपण, अंगणवाडीची खोली, समाजमंदिर अशा गावाच्या निधीतून होणाऱ्या बांधकामांत विटेचा वाटा मोठा असतो. तरीही विटांची मागणी पुष्कळदा तोंडी अंदाजावर नोंदविली जाते. मागणी कमी पडली, तर काम अर्ध्यावर थांबते. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असल्याने ते काही महिने रखडू शकते. पुढे दुसऱ्या भट्टीचा वेगळ्या मापाचा माल आल्यास थरांना थर जुळत नाहीत. मागणी अधिक झाली, तर सार्वजनिक पैसा उघड्यावर पडून राहतो. हे दोन्ही टाळण्यास साधा गुणाकार-भागाकार पुरतो.

वीट आणि सांधा

भारतीय मानकानुसार प्रमाण वीट १९ × ९ × ९ सें.मी. मापाची असते. विटांमधील सांधा १ सें.मी. धरला, म्हणजे भिंतीत एक वीट २० × १० × १० सें.मी., अर्थात २,००० घन सें.मी. जागा व्यापते. एका घनमीटरात १०,००,००० घन सें.मी. असतात. म्हणून एक घनमीटर वीटकामास ५०० विटा लागतात. एका विटेच्या जाडीच्या भिंतीस दर चौरस मीटरला १०० व अर्ध्या विटेच्या भिंतीस ५० विटा, हा हिशेब ध्यानात ठेवण्यास सोपा आहे.

मात्र गावोगावी मिळणारी वीट याच मापाची असेल असे नाही. २३ × ११ × ७ सें.मी. ची वीट सांध्यासह २४ × १२ × ८ सें.मी. जागा घेते व घनमीटरास सुमारे ४३४ विटा लागतात. यावरून विटा कमी लागतील असे वाटेल. परंतु भिंतीची जाडीही आता २० ऐवजी २४ सें.मी. होते. परिणामी दर चौरस मीटरला सुमारे १०४ विटा लागतात. म्हणून मागणीपूर्वी भट्टीवर जाऊन २० विटा एका ओळीत लावून मोजाव्यात. प्रमाण विटांच्या अशा ओळीची लांबी ३७२ ते ३८८ सें.मी. असावी.

एक उदाहरण

एका शाळेच्या कुंपणाची लांबी ६० मीटर, दगडी जोत्यावरील उंची १.५ मीटर व भिंत एका प्रमाण विटेची आहे. फाटके ५ मीटर जागा घेतात. उरलेली लांबी ५५ मीटर, क्षेत्रफळ ८२.५ चौ. मीटर, विटा ८,२५०.

भिंतीतील २० खांब ४० × ४० सें.मी. चे आहेत. त्यांचा निम्मा भाग भिंतीत मोजला गेलाच आहे. उरलेला भाग ०.४० × ०.२० × १.५, म्हणजे प्रत्येकी ०.१२ घनमीटर, वीस खांबांचे २.४ घनमीटर व विटा १,२००. एकूण ९,४५० झाल्या. वाहतुकीतील व तोडीतील नुकसानीसाठी ५ टक्के, म्हणजे ४७३ विटा मिळविल्यावर संख्या ९,९२३ होते. दहा हजारांची मागणी रास्त ठरेल.

चुका कोठे होतात?

खोलीच्या चारही भिंती बाहेरून मोजल्या, तर कोपरे दोनदा धरले जातात. बाहेरून ६ × ५ मीटरच्या खोलीची बाह्य परिमिती २२ मीटर, तर भिंतीच्या मध्यरेषेवरून ती २१.२ मीटर भरते. भिंत ३ मीटर उंच असल्यास या फरकाने २४० विटा विनाकारण मागविल्या जातात. तसेच १ × २.१ मीटरचा दरवाजा वजा न केल्यास २१० विटांची भर पडते.

माल उतरवून घेताना

ट्रॉलीच्या खेपा म्हणजे विटांची मोजणी नव्हे. सारख्या आकाराच्या थप्प्या रचून घ्याव्यात. लांबी, रुंदी व उंचीतील विटांचा गुणाकार करून संख्या काढावी आणि ती त्याच दिवशी नोंदवावी. फुटक्या व कच्च्या विटा वेगळ्या काढाव्यात. दोन विटा एकमेकींवर आपटल्यास खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठणारी वीट घेऊ नये.

अंदाजाचा कागद, मागणीची प्रत व थप्प्यांची नोंद एकत्र ठेवल्यास ग्रामसभेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नास आकड्यांनी उत्तर देता येते. शिक्षकांनी हेच गणित वर्गात, शाळेचीच भिंत मोजून, करवून घेतल्यास घनफळाचा पाठ मुलांना नेमका उमजेल आणि गावात हिशेब पडताळणारे डोळेही वाढतील.