सौर पंपाच्या नियंत्रकातील उष्णता : पंखा असावा की नसावा?

सौर कृषिपंप ऐन दुपारी, पाण्याची निकड असताना, का थांबतो, असे शेतकरी बंधू वारंवार विचारतात. पंप निर्दोष असूनही असे घडते. नियंत्रक पेटी तापलेली असते.

पॅनेलची एकदिश वीज मोटारीस योग्य अशी करण्याकरिता पेटीतील अर्धवाहक स्विच सेकंदास हजारो वेळा उघडझाप करतात व त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ४,००० वॅटपैकी शेकडा ३ भाग वाया गेला, तरी १२० वॅट होतात; म्हणजे जुने ६० वॅटचे दोन दिवे पेटीत दिवसभर जळत ठेवल्यासारखे झाले.

ही उष्णता पेटीमागील ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्यांतून बाहेर पडते. तापलेली हवा वर जाते, खालून थंड हवा येते. येथे फिरणारा भाग नाही, म्हणून झिजही नाही. मात्र पाती ७५ अंशांवर व हवा ३० अंशांवर असता फरक ४५ राहतो. विदर्भातील मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर गेली की तो ३० उरतो, आणि बाहेर जाणारी उष्णता सुमारे एकतृतीयांशाने घटते. याकरिता पाती मोठी लागतात व पेटी जड आणि महाग होते.

पंखा बसविल्यास लहान पात्यांवर भागते. पण शेतातील धूळ, कोळ्यांची जाळी व मुंग्या यांना तो लवकर बळी पडतो. तो थांबला की लहान पाती अपुरी पडतात. नियंत्रक प्रथम पंपाची गती कमी करतो व नंतर बंद होतो. म्हणून ५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपास पंख्याविना पेटीच पत्करावी, असे आमचे मत आहे. मोठ्या पंपास पंखा बहुधा टाळता येत नाही.

पेटी पॅनेलच्या सावलीत, पाती उभी राहतील अशी बसवावी. वर-खाली वीतभर जागा मोकळी सोडावी. पावसाच्या भीतीने पेटीस पोते गुंडाळण्याची चाल काही ठिकाणी आढळते. त्याने पातीच झाकली जातात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे पोते दिसताच ते काढावयास सांगावे.

साफसफाईपूर्वी पॅनेलकडील स्विच बंद करावा. आतील कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते; पेटीवर लिहिलेली मिनिटे पुरी होईपर्यंत थांबावे, मगच कोरड्या ब्रशाने पाती झाडावीत. झाकण मात्र शेतकऱ्याने स्वतः उघडू नये.