शंका-समाधान : लिनक्सवर घरातल्यांची खाती

घरात एकच संगणक, त्यावर उबुंटू. मी, सूनबाई आणि नातू तिघेही माझ्याच खात्यात काम करतो. परवा नातवाने माझ्या पेन्शनच्या कागदांचे फोल्डर कचरापेटीत टाकले. वेगळी खाती करावीत का?
– निवृत्त शिक्षक, चिपळूण

करावीतच गुरुजी, आणि आजच. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'युजर्स' उघडा. २४.०४च्या आधीच्या आवृत्त्यांत 'युजर्स' थेट सेटिंग्जच्या यादीतच दिसते. 'अनलॉक' दाबून तुमचा पासवर्ड दिला की नवे खाते जोडता येते. नातवाचे खाते साधेच राहू द्या, सूनबाईंना मात्र ॲडमिनिस्ट्रेटर करा. तिजोरीची दुसरी किल्ली घरात कुणाकडे तरी हवी. का ते पुढच्या पत्रात दिसेल.

एक तपासून घ्या. २१.०४च्या आधी बसवलेले उबुंटू अपग्रेड करत इथवर आणले असेल, तर तुमचे होम फोल्डर इतर खात्यांना उघडून वाचता येते. नातवाला काही पुसता येणार नाही, पण पेन्शनचा आकडा कळेल. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये परवानग्यांच्या पानावर 'अदर्स'समोर 'नन' निवडा.

अर्डुइनो बोर्ड चालावा म्हणून आज्ञा देऊन स्वतःला 'डायलआउट' गटात घातले. पुन्हा लॉगिन केल्यावर बोर्ड चालू लागला, पण आता 'सुडो' मला ओळखत नाही. वर 'या घटनेची खबर दिली जाईल' अशी धमकी!
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

एका अक्षराने घात केला. पत्रात उतरवलेल्या आज्ञेत 'यूजरमॉड'पुढे डॅश आणि मोठा जी आहे. त्या दोघांच्या मध्ये छोटा ए हवा होता. ए म्हणजे 'भर घाल'. तो नसला की आज्ञेचा अर्थ 'याला एवढ्याच गटात ठेव, बाकीच्यांतून काढ' असा होतो. यंत्र 'नक्की ना?' असे विचारतसुद्धा नाही. बाकीच्यांत 'सुडो' हा गटही गेला. हा उद्योग मी स्वतः एकदा केला आहे, तोही दुसऱ्याच्या दुकानातल्या संगणकावर, त्यामुळे तुमचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

दुरुस्तीला लगेच हात घालू नका. 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'ग्रुप' नावाची फाइल असते आणि तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी डॅश असलेली दुसरी. ही शेवटच्या बदलाआधीची प्रत. ती फक्त उघडून वाचा आणि तुमचे नाव ज्या ज्या ओळीत आहे ते गट कागदावर लिहून घ्या. आधी दुरुस्ती केलीत तर या प्रतीवरच नवी प्रत चढते आणि जुनी यादी हातची जाते. मध्यंतरी एखादे सॉफ्टवेअर बसवताना नवा गट तयार झाला असेल, तरी तेच झालेले असेल.

मग संगणक पुन्हा सुरू करताना एस्केप (जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट) दाबून 'ग्रब'चा मेनू आणा. प्रगत पर्यायांत रिकव्हरी मोड आणि त्यात 'रूट' निवडा. उबुंटूत रूटला मुळात पासवर्ड दिलेलाच नसतो, म्हणून थेट आत जाता. तिथे 'ॲडयूजर', जागा सोडून तुमचे खाते, जागा सोडून 'सुडो', एवढे टाइप करून एंटर. कागदावरच्या बाकी गटांसाठी हेच परत. 'डिस्क फक्त वाचण्यापुरती' अशी तक्रार आली तर आधी 'माउंट', डॅश आणि छोटा ओ, मग 'रिमाउंट' स्वल्पविराम 'आरडब्ल्यू', शेवटी तिरपी रेघ. 'आरडब्ल्यू' ही इंग्रजी अक्षरे छोटी आणि जोडूनच.

घरात दुसरे ॲडमिन खाते असते तर यातले काही करावे लागले नसते. खबरीचे म्हणाल, तर घरच्या संगणकावर ती घ्यायला तुमच्याशिवाय आहे कोण?

जुन्या संगणकाची बाहेरची डिस्क नव्या लॅपटॉपला जोडली. माझ्या फोटोंचा मालक म्हणून पत्नीचे नाव दिसते, आणि मला बदल करता येत नाही.
– वाचक, पणजी

डिस्कवर मालकाचे नाव कधीच नोंदलेले नसते, आकडा असतो. उबुंटूत पहिल्या खात्याला १०००, दुसऱ्याला १००१. जुन्या संगणकावर आधी तुमचे खाते झाले, नव्यावर आधी वहिनींचे. डिस्क सांगते १०००, आणि लॅपटॉपच्या लेखी १००० म्हणजे वहिनी. 'चोन' (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) या आज्ञेने त्या एका फोल्डरची मालकी बदलून घ्या. सोबत मोठा आर दिला की आतल्या सगळ्या फायलींना ती लागू होते, म्हणून फोल्डरचा पत्ता दोनदा वाचून मगच एंटर दाबा. नेहमीच्या फॅट किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवर हा घोळ होत नाही, कारण तिथे मालकी नोंदवण्याची सोयच नसते.

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला का?
– गृहिणी, नाशिक

नाही ताई. अक्षरे किती हेही मागच्याला कळू नये म्हणून ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. टाइप करून एंटर दाबा.

पत्र लिहिताना उबुंटूची आवृत्ती कळवा आणि टर्मिनलमध्ये 'आयडी' ही दोन इंग्रजी अक्षरे टाइप केल्यावर येणारी ओळ जशीच्या तशी उतरवा. पासवर्ड मात्र कळवू नका. या वेळी एका पत्रात तो आला आहे. ज्यांचा असेल त्यांनी आजच बदलावा.